हापशापासून ‘कवच’पर्यंत : शासकीय खरेदीतील नवनिर्मिती आणि मानके



शासन हा आपल्या देशातील सर्वांत मोठा ग्राहक आहे. शाळेतील बाकापासून रेल्वेच्या इंजिनापर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्रातील सुईपासून सीमेवरील जवानाच्या बुटापर्यंत असंख्य वस्तू शासन विकत घेते. यासाठी लागणारा पैसा तुमच्या-आमच्या करातून येतो. तो योग्य वस्तूवर खर्च होणे आणि त्या खर्चातून देशातील उद्योगाचे बळ वाढणे, या दोन्ही गोष्टी राष्ट्रीय महत्त्वाच्या आहेत.

परंतु मध्यमवर्गीय घरात ‘सरकारी कंत्राट’ हा शब्द निघाला की चेहऱ्यावर आठी उमटते. ओळखीपाळखी, टक्केवारी, रखडलेली बिले, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मुलाने छोटा कारखाना काढला तर वडील सांगतात, “बाबा रे, सरकारी कामाच्या वाटेला जाऊ नकोस.” या सल्ल्यामागे अनुभव आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या सल्ल्यामुळे सज्जन माणूस बाजूला होतो आणि मैदान इतरांना मोकळे मिळते, हेही तितकेच खरे. म्हणूनच गुणवत्तेच्या बळावर शासकीय कंत्राट मिळविता येते का, या प्रश्नाचा विचार उदाहरणांच्या आधारे झाला पाहिजे. उत्तर ‘होय’ असे आहे, आणि त्या उत्तराच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत : नवनिर्मिती आणि मानकीकरण.

मानक म्हणजे सार्वजनिक वचन

मानकीकरण ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली कल्पना आहे, असा एक गैरसमज आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘पौतवाध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याची तरतूद आहे. वजने आणि मापे तयार करून घेणे हे त्याचे काम. वजने लोखंडाची असावीत किंवा मगध आणि मेकल प्रदेशातील दगडाची असावीत. पाण्याने जड होणार नाहीत आणि उष्णतेने हलकी होणार नाहीत अशा पदार्थाची असावीत, इतका बारकावा त्यात सांगितला आहे. ठरावीक मुदतीने वजनांची तपासणी करून शिक्का मारण्याची व्यवस्थाही त्यात आहे. शिवकालात जमीन मोजण्यासाठी पाच हात पाच मुठींची काठी ठरविण्यात आली, ती याच बुद्धीने. काठी प्रत्येक गावात वेगळी असेल, तर सारा न्याय्य कसा ठरणार?

मानकाचा अर्थ येथेच स्पष्ट होतो. देणारा आणि घेणारा यांची एकमेकांशी ओळख नसतानाही व्यवहार प्रामाणिक व्हावा, यासाठी समाजाने आधीच उच्चारून ठेवलेले वचन म्हणजे मानक. जेथे मानक नाही तेथे ओळख चालते. जेथे मानक आहे तेथे वस्तू बोलते. ओळख नसलेल्या छोट्या उद्योजकाला मानकाइतका दुसरा मित्र नाही.

स्वतंत्र भारताच्या नेत्यांना याची जाण होती. ‘भारतीय मानक संस्था’ जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही सात महिने आधी स्थापन झाली. १९८७ पासून तिचे कार्य ‘भारतीय मानक ब्यूरो’ पाहत आहे. आयएसआय हे चिन्ह घराघरांत परिचित आहे. पण त्या चिन्हाने शासकीय खरेदीत काय घडविले, याची कथा फारशी कोणी सांगत नाही.

हापशाची कथा

ही कथा महाराष्ट्राच्या मातीत सुरू होते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात उघड्या विहिरी आटल्या. खडक भेदणारी यंत्रे आली, विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि त्यांवर हातपंप बसले. पाणी लागले, गावांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण तो अल्पकाळ टिकला. कारण हातपंप बंद पडू लागले. सत्तरच्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश हातपंप बंद आढळले होते. खाली पाणी होते, वर तहानलेले गाव होते आणि मध्ये एक मोडका पंप होता.

पंप का मोडत होते? ते बिडाचे होते आणि त्यांची घडण अमेरिका व युरोपातील शेतघरांसाठी केलेल्या पंपांवरून उचललेली होती. तेथे एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा दांडा हलवायचा. येथे शेकडो माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग लावणार आणि पाणीही कितीतरी खोल. दांड्याच्या पिना झिजत, सळई तिरकी ओढली जाऊन तुटे, बीड तडकत असे. भरीस भर म्हणजे प्रत्येक कारखान्याचा पंप निराळा. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नसे. खरेदी होत होती ती कमी किमतीकडे पाहून, आणि अशा खरेदीत सर्वांत पातळ बीड ओतणाऱ्याचीच सरशी व्हायची.

उपाय मोठ्या प्रयोगशाळेत सापडला नाही. जालना आणि सोलापूर येथे विंधन विहिरींचे काम करणाऱ्या ख्रिस्ती सेवासंस्थांच्या कार्यशाळांत तो आकाराला आला. तेथील मंडळींना आपणच बसविलेले पंप पुन:पुन्हा दुरुस्त करावे लागत. म्हणून मोडते काय आणि का, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांनी बिडाऐवजी पोलाद वापरले आणि दांड्याला अनेक पिनांऐवजी एकच आस दिला. सोलापूरच्या पंपात ऑस्कर कार्लसन या स्वयंशिक्षित स्वीडिश तंत्रज्ञाने दांड्याच्या टोकाशी वर्तुळखंड बसवून त्यावरून साखळी सोडली. त्यामुळे दांडा कसाही हलला तरी सळई सरळ उभ्या रेषेतच ओढली जाऊ लागली. आसाला बंदिस्त बेअरिंग मिळाले आणि झीज कमी झाली.

येथे नवनिर्मितीचा एक महत्त्वाचा धडा आहे. नवनिर्मिती म्हणजे जगात कोणी न पाहिलेली वस्तू काढणे, असे नव्हे. साखळी नवी नव्हती, बेअरिंग नवे नव्हते. वापरणाऱ्याची नेमकी अडचण ओळखून ज्ञात गोष्टींची योग्य जुळणी करणे, ही नवनिर्मिती होती. असे काम आपल्या औद्योगिक वसाहतींतील कोणताही जागरूक फिटर किंवा कारखानदार करू शकतो.

परंतु कथा येथे संपली असती, तर सोलापूरचा पंप सोलापुरातच राहिला असता. युनिसेफ, भारत शासन आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही शासकीय मालकीची अभियांत्रिकी कंपनी यांनी त्या कल्पनेचे रूपांतर मोठ्या प्रमाणावर निर्माण करता येईल अशा पंपात केले. कोइमतूर परिसरातील खोल विहिरींवर नमुना पंप बसवून त्यांची कसोटी घेण्यात आली. दिवसभर चालणाऱ्या पंपाखाली काय टिकते आणि काय नाही, हे पाहूनच रेखाटन निश्चित झाले. पंपाला नाव मिळाले ‘इंडिया मार्क टू’. १९७७ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले आणि १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने त्याचे मानक प्रसिद्ध केले : आयएस ९३०१.

मानकाने केलेली क्रांती

आता या मानकाने काय साधले ते पाहावे. पंपाच्या प्रत्येक भागाचे माप, पोलादाचा प्रकार, जस्ताच्या मुलाम्याची जाडी आणि चाचणीची पद्धत लिहून ठेवली गेली. रेखाटनावर कोणाचे एकस्व नव्हते. ते सर्वांना खुले होते. परिणामी दांडा एका कारखान्याचा आणि साखळी दुसऱ्याची असली, तरी दोन्ही एकत्र बसू लागले. गावातील पंप कोणी बनविला, हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही.

मात्र मानक छापले म्हणजे गुणवत्ता आली, असे होत नाही. पंप बनवू इच्छिणाऱ्या कारखान्यात तपासनीस प्रत्यक्ष जात. योग्य जिग आणि फिक्स्चर आहेत का, मोजमापाची साधने आहेत का, हे पाहूनच त्याला पात्र पुरवठादारांच्या यादीत घेत. त्यानंतरही माल रवाना होण्यापूर्वी त्रयस्थ संस्थेकडून तपासणी होत असे. मोठी शासकीय कंपनी आणि खासगी लघुउद्योग यांना एकच फूटपट्टी लावली गेली. एकेकाळी एकाच कंपनीपासून सुरू झालेले उत्पादन काही वर्षांत अनेक कारखान्यांत पसरले. या कारखान्यांनी राज्य शासनांच्या निविदा जिंकल्या आणि पुढे आफ्रिकेतील देशांनाही पंप पाठविले. आज भारताबाहेर अनेक देशांत हा पंप पाणी देत आहे.

या व्यवहारात कोणाचा तोटा झाला? पातळ बीड ओतून सर्वांत कमी दर भरणाऱ्याचा. मानकाने स्पर्धा थांबविली नाही. स्पर्धेची पातळी उंचावली. दर्जा आधीच ठरल्यामुळे आता किंमत कमी करायची, तर ती धातूत काटछाट करून नव्हे, तर उत्तम यंत्रणा, कमी वाया जाणारा माल आणि कुशल कारागिरी यांच्या जोरावरच करावी लागे.

कथेचा पुढचा भागही तितकाच उद्बोधक आहे. मार्क टू मजबूत होता, पण खालच्या सिलिंडरातील चामडी वॉशर बदलण्यासाठी सगळे नळ वर ओढून काढावे लागत. त्यासाठी खास अवजारे आणि फिरते पथक लागे. पथक येईपर्यंत बायाबापड्यांना पुन्हा मैलभर पायपीट. म्हणून ऐंशीच्या दशकात कोइमतूर भागात नव्याने प्रयोग झाले आणि नळ न काढता दट्ट्या वर घेता येईल असा ‘मार्क थ्री’ तयार झाला. त्याचेही मानक निघाले. मानक म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. नवनिर्मिती मानकाला जन्म देते, मानक ती सर्वदूर पोहोचविते, वापरातून तिचे दोष दिसतात आणि त्यातून पुढील नवनिर्मिती जन्मते. हे चक्र जो उद्योग समजून घेतो, तो निविदा उघडण्याच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी जिंकलेला असतो.

दिवा आणि रेल्वे

हापसा ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडची दोन उदाहरणे घ्यावीत.

पहिले एलईडी दिव्याचे. ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील सार्वजनिक कंपन्यांच्या ‘ईईएसएल’ या संयुक्त कंपनीने हे दिवे एकगठ्ठा खरेदी करण्यास प्रारंभ केला, तेव्हा २०१४ मध्ये एका दिव्याची खरेदी किंमत सुमारे ३१० रुपये होती. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना राष्ट्रीय स्तरावर सुरू झाली आणि २०१७ पर्यंत हीच किंमत चाळीस रुपयांच्या आत आली. या योजनेतून पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी पोहोचले. केवळ मोठ्या मागणीमुळे हे घडले काय? मागणी हे एक कारण. पण दिव्यासाठी भारतीय मानक २०१२ मध्येच तयार झालेले होते. प्रकाश किती, वॅट किती, हमी किती वर्षांची, हे निविदेत स्पष्ट होते. सर्वांना एकाच वस्तूचा दर द्यायचा होता. मग ज्याने चालक परिपथ सुटसुटीत केला, उष्णता बाहेर टाकण्याची रचना स्वस्त केली, जुळणीचा वेळ वाचविला, त्याचा दर उतरला. वस्तू निश्चित असल्यामुळे नवनिर्मितीला वस्तूच्या आत आणि कारखान्याच्या आत वाव मिळाला. याचा अर्थ असाही की, ज्यांनी केवळ तयार भाग आणून जोडण्यावर भर दिला, त्यांच्यासाठी अशा वेगाने उतरणाऱ्या दरात टिकणे अवघड होते. शासकीय खरेदीचे दार सर्वांना उघडे असते. आत टिकण्याची हमी मात्र कोणी देत नाही.

दुसरे उदाहरण रेल्वेच्या ‘कवच’ प्रणालीचे. लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये, दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत, चालक वेग आवरू शकला नाही तर ब्रेक आपोआप लागावा, यासाठी रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेने भारतीय उद्योगांच्या साह्याने ही प्रणाली विकसित केली. प्रवासी गाड्यांवरील पहिल्या क्षेत्रीय चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय स्वयंचलित गाडी संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारण्यात आली. सुरुवातीला तीन भारतीय कंपन्या मान्यताप्राप्त पुरवठादार ठरल्या : मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स. येथील सर्वांत मोलाचा नियम असा की, एका कंपनीचे उपकरण इंजिनात आणि दुसरीचे रुळांलगत असले, तरी दोघांनी एकमेकांची भाषा समजली पाहिजे. सुरक्षिततेची पातळी आंतरराष्ट्रीय कसोटीतील सर्वोच्च, म्हणजे चौथ्या श्रेणीची. त्यामुळे रेल्वे एका पुरवठादाराच्या मुठीत राहिली नाही आणि नव्याने येणाऱ्या कंपन्यांनाही आपले लक्ष्य नेमके कळले. शेकडो प्रवाशांचा जीव जेथे पणाला असतो, तेथे ‘चालवून घेऊ’ हा शब्द उच्चारता येत नाही. मानक येथे रक्षणकर्त्याची भूमिका बजावते.

नियम काय सांगतात?

नियमांच्या पुस्तकाचे उद्योजकांना भय वाटते. ते वाचले, तर भय बरेच कमी होईल. केंद्र शासनाचे ‘सामान्य वित्तीय नियम’ २०१७ मध्ये नव्याने जारी झाले. त्यांनुसार खरेदीची तांत्रिक वैशिष्ट्ये गरजेवर आधारित आणि शक्य तितकी व्यापक असली पाहिजेत. राष्ट्रीय मानक उपलब्ध असेल तेथे त्याचा आधार घ्यावा, असेही त्यांत अपेक्षित आहे. निविदेत एखाद्या विशिष्ट कंपनीच्या मालाचेच वर्णन उतरविलेले दिसले, तर निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घेण्यासाठी हा भक्कम आधार आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचे खरेदी धोरण २०१२ मध्ये अमलात आले. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ठरावीक हिस्सा या उद्योगांकडून घ्यावा, असे त्यात आहे. हा हिस्सा प्रारंभी २० टक्के होता, २०१८ मध्ये तो २५ टक्के करण्यात आला. लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक असेल आणि तो कमी दराशी जुळवून घेण्यास तयार असेल, तर त्याला हिस्सा मिळू शकतो. बयाणा रकमेतून सूट आहे. नवउद्योगांसाठी पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल करण्याची तरतूद २०१६ पासून आहे. पण या सवलतीला जोडलेले शब्द ध्यानात ठेवावेत : गुणवत्ता आणि तांत्रिक वैशिष्ट्यांची पूर्तता होत असेल तरच. अनुभवाची अट सुटली म्हणून मानकाची अट सुटत नाही. किंबहुना ज्याच्यापाशी वीस वर्षांचा अनुभव सांगण्यासारखा नाही, त्याच्यासाठी मानकाचे प्रमाणपत्र हीच साक्ष असते.

ऑगस्ट २०१६ मध्ये ‘जेम’ ही शासकीय ई-बाजारपेठ सुरू झाली आणि जुने पुरवठा महानिदेशालय २०१७ मध्ये बंद झाले. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय निर्देशांनी विशिष्ट कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही, कमाल ३० टक्क्यांपर्यंत, गुण देण्याची मुभा दिली. केवळ सर्वांत कमी दर पाहण्याच्या जुन्या पद्धतीत पडलेली ही एक फट आहे. ती रुंद व्हायची, तर गुणवत्तेने काम करणाऱ्यांनी तिचा उपयोग करून दाखविला पाहिजे.

धोक्याची जागा

चित्राची दुसरी बाजू दडवणे योग्य होणार नाही. मानकाचाही दुरुपयोग होतो. नमुना उत्तम द्यायचा आणि पुरवठा हलका करायचा. प्रमाणपत्र एका मालाचे आणि शिक्का दुसऱ्यावर. निविदेत अशी एखादी अनावश्यक अट घालायची की एकाच पुरवठादाराला ती पुरी करता यावी. या व्याधी अस्तित्वात आहेत. खर्चापेक्षाही कमी दर भरून काम घ्यायचे आणि मग दर्जात कसर करून भरपाई करायची, हीही त्यातलीच एक. याची किंमत अखेर कोण मोजते? कोरड्या हापशापाशी रिकामी घागर घेऊन उभी असलेली माउली मोजते, गळक्या वर्गात बसलेले लेकरू मोजते.

पैशांच्या विलंबाचा प्रश्नही खरा आहे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे आणि विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, असे बंधन घातले आहे. पण मोठा ग्राहक दुरावेल या भीतीने अनेक उद्योजक हा हक्क वापरत नाहीत. कामगारांचा पगार कर्ज काढून करायचा आणि येणे असलेल्या रकमेविषयी मौन पाळायचे, हा सोशिकपणा सद्गुण म्हणता येणार नाही. एकट्याने मागणे कठीण असेल, तर उद्योजक संघटनांनी ते एकत्र मागावे.

करावयाची कामे

मग छोट्या उद्योजकाने नेमके काय करावे? पहिले काम म्हणजे आपल्या वस्तूचे भारतीय मानक मिळवून ते ओळ न् ओळ वाचणे. आपला माल कोठे कमी पडतो, याची यादी कारखान्याच्या भिंतीवर लावावी. दुसरे, तपासणीची किमान साधने स्वत:कडे ठेवावीत. एकट्याला परवडत नसेल, तर वसाहतीतील दहाजणांनी मिळून एक सामायिक चाचणी केंद्र उभारावे. तिसरे, माल विकल्यावर संबंध संपला असे समजू नये. जालना-सोलापूरच्या कार्यशाळांना उपाय सापडला, तो मोडलेले पंप त्यांच्याचकडे दुरुस्तीला येत म्हणून. परत आलेला प्रत्येक सदोष भाग जपून ठेवावा. पुढील सुधारणा त्यातच दडलेली असते.

चौथे काम बहुतेकांकडून दुर्लक्षिले जाते. भारतीय मानक ब्यूरो मानकांचे मसुदे हरकती आणि सूचनांसाठी खुले करते. त्यावर मत कळविणारे बहुधा मोठ्या कंपन्यांचे अधिकारी असतात. लघुउद्योजक गैरहजर राहिले, तर मानक त्यांच्या अडचणी न जाणताच ठरणार. आपल्या क्षेत्रातील एक तरी मसुदा दरवर्षी वाचून त्यावर लेखी सूचना पाठविण्याचा निर्धार प्रत्येक औद्योगिक संघटनेने करावा.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनीही आपला जुना सल्ला थोडा बदलावा. “सरकारी कामाच्या वाटेला जाऊ नकोस” याऐवजी “जाशील तर माल असा दे, की गावाने तुझे नाव काढावे” असे मुलाला सांगावे. शासकीय खरेदीचा पैसा समाजाचा आहे. त्याच्या बदल्यात समाजाला टिकाऊ वस्तू मिळवून देणे, हे सैनिकाच्या किंवा शिक्षकाच्या कामाइतकेच राष्ट्रकार्य आहे. या दृष्टीने आपापल्या कारखान्यात उद्यापासून कामाला लागावे, हीच सर्वांना विनंती.